जगदेवराव गोटे मित्रमंडळ

काळीपिवळी जीपमधून उतरताना साधनाचा एक पाय पायदानावर आणि एक पाय शेलूबाजारच्या मातीवर होता, तेव्हा तिला चौकातल्या फ्लेक्सवर ती बाई दिसली आणि तिच्या मनात आलं, अरे, कोण गेली बिचारी. त्या लोखंडी चौकटीवर गेल्या आठवड्यात 'भावपूर्ण श्रद्धांजली' होती, त्याआधी कुणाचा तरी वाढदिवस होता, आणि डोक्यावर पदर घेतलेली बाई चौकात एवढी मोठी होऊन लागते ती एक तर निवडून आल्यावर, नाही तर गेल्यावर. ही बाई निवडून आलेली वाटत नव्हती. फोटोवाल्याने हसा म्हटल्यापासून हसू येईपर्यंत मध्ये जो थोडा वेळ जातो, त्या वेळातला तिचा चेहरा होता. साधनाने सवयीने मनातल्या मनात हात जोडले. मग दुसरा पाय खाली आला, मागच्या माणसाने सरका बाई म्हटलं, ती सरकली, आणि सरकता सरकता तिने नाव वाचलं.

अभिनंदन, अभिनंदन, अभिनंदन, तिन्ही वेळा वेगळ्या रंगात. त्याखाली 'किन्हीराजाची शान'. त्याखाली, हैदराबाद येथील नामांकित विद्यापीठात निवड झाल्याबद्दल सौ. साधनाताई जगदेवराव गोटे यांचे हार्दिक अभिनंदन. आणि तळाला, जिथे नेहमी पंधरावीस पासपोर्ट फोटो दाटीवाटीने बसलेले असतात तिथे एकही फोटो नव्हता, नुसती एक ओळ होती: शुभेच्छुक, जगदेवराव गोटे मित्रमंडळ. तिला आधी हसूच आलं. जगदेव म्हणजे तिचा नवरा. त्याला मित्रमंडळ नव्हतं. एक भिवाजी होता, ज्याच्याशेजारी बसून तो न बोलता तंबाखू मळायचा. आणि त्या दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये बायकांच्या नावापुढे ताई आधीच टाकलेलं असणार, म्हणून इतक्या वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याने बायकोला भर चौकात ताई म्हणून शुभेच्छा दिल्या होत्या आणि चौकाला त्यात काही खटकलं नव्हतं. चौकात भजी तळली जात होती. फ्लेक्सवर तिच्यामागे एक मोठी इमारत लावली होती, खांबांची, घुमटाची, हैदराबादची नव्हे आणि बहुतेक भारतातलीही नव्हे, कारण तिच्या पायऱ्यांवर बर्फ होता. त्या बर्फात साधना लेकीच्या लग्नातली जांभळी पैठणी नेसून उभी होती. तिच्या ओठाखालचा तीळ दुकानातल्या पोराने पुसून टाकला होता. डोळे थोडे मोठे केले होते. आणि डाव्या खांद्यावर कुणाच्या तरी हाताची चार बोटं होती. नुसती बोटं. पुढचा माणूस कापला होता, बोटं कापायची राहिली होती.

हसू कुठे संपलं ते तिला कळलं नाही. कानात पाणी गेल्यावर होतं तसं सगळं लांबून ऐकू येऊ लागलं, जीपवाल्यांच्या आरोळ्या, तेलाचं चरचरणं, कुणीतरी कुणाला तरी शिव्या देणं. तिने पदर पुढे ओढला, गालावरून, नाकापर्यंत, उन्हाचं निमित्त करून. त्याची काही गरज नव्हती. फ्लेक्सखाली फ्लेक्समधली बाई उभी आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि येणारही नव्हतं, कारण वरच्या बाईला तीळ नव्हता आणि ती गोरी होती. साधनाला भीती वाटत होती ती वेगळीच. वरची बाई तिच्याकडे बघत होती. मोठे केलेले डोळे खालच्या सगळ्या जीपांवरून, पपईच्या गाड्यावरून, कुत्र्यावरून फिरून बरोबर तिच्यावर येऊन थांबले होते, आणि त्या डोळ्यांना माहीत होतं की ही आत्ता तासाभरापूर्वी मंगरूळपीरला काय बोलून आली.

तासाभरापूर्वी मंगरूळपीरच्या कॉलेजात, समाजशास्त्राच्या छोट्या खोलीत, पंख्याखाली, ती मॅडमना म्हणाली होती, "घरून नाही म्हणतात." एवढंच. तिने ते इतक्या सहज म्हटलं होतं की मॅडमनी क्षणभर मान हलवलीसुद्धा, कारण हे वाक्य त्या खोलीने इतक्या पोरींच्या तोंडून ऐकलं होतं की भिंतींनाही पाठ असावं. एम.ए.चं पहिलं वर्ष इथे, दुसरं तिथे, इथले गुण तिकडे धरले जातात, आता नियम तसा झाला आहे, हे सगळं मॅडमनीच शोधलं होतं, मॅडमनीच तिला अर्ज करायला बसवलं होतं. मुलाखतीला कॉम्प्युटरच्या पडद्यावर तीन चेहरे होते. त्यांतल्या एकाने इंग्रजीत विचारलं की तुम्हाला इथे का यायचं आहे, आणि साधना अर्धं इंग्रजी अर्धं हिंदी अशा कुठल्यातरी रस्त्याने उत्तरापर्यंत पोचली, तेव्हा ते तिघं हसले होते, पण वाईट हसले नव्हते. निवड झाली. बरोबर अर्ज केलेल्या अंजूची झाली नाही. अंजू मानोऱ्याकडच्या तांड्यावरची, आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जाणारे, वर्गात साधनाला काकू म्हणणारी. ती म्हणाली होती, काकू, तुमी नाई गेल्या ना, तं मी तुमच्याशी बोलनार नाई, आता वर्षभर पाहा. मॅडम आज एवढंच म्हणाल्या, सोमवारी सकाळपर्यंत मी काहीच कळवत नाही, तोवर घरी पुन्हा एकदा बोला. आणि मग पर्स उचलून, आज लवकर निघते, अकोल्याला जायचंय.

अकोल्याला. साधनाने रस्त्याकडे पाहिलं. मंगरूळपीरहून अकोल्याला जाणारी प्रत्येक गाडी या चौकातून जाते, आणि मॅडमची पांढरी गाडी एक तर जाऊन चुकली होती, नाही तर आत्ता येणार होती. कुठलीही पांढरी गाडी दिसली की ती पपईच्या गाड्याआड होई. पपईवाला म्हणाला, घ्या ना मावशी, गोड हाय. तिने एक पपई घेतली, नको असताना, आणि ती पोटाशी धरून किन्हीराजाच्या जीपमध्ये जाऊन बसली.

जीप भरायला वेळ होता. मधल्या सीटवर दोघं बसले होते, एक पागोटंवाला आणि एक मोबाइलवाला, आणि दोघांची तोंडं फ्लेक्सकडे. पागोटंवाल्याने विचारलं, कोनाची बाई हो ते. मोबाइलवाला म्हणाला, जगदेव गोट्याची, किन्हीराजाचा नाई का. "नोकरी लागली का?" "नाई, शिकाले चालली." पागोटंवाल्याने मान वळवून पुन्हा नीट पाहिलं, बाजारात गोऱ्ह्याचे दात पाहावेत तसं. म्हणाला, "ह्या वयात? अन् बोर्ड कोनं लावला?" "नवऱ्यानंच." "मंग नवरा घरी भाकरी टाकते काय?" यावर सगळी जीप हसली, ड्रायव्हरही हसला, आणि साधनाच्या लक्षात आलं की पदराआड आपणही हसतोय, मोठ्याने, जरा जास्तच, कारण गप्प बसणारी बाई लगेच ओळखू आली असती. पागोटंवाल्याला तिच्या हसण्याने जोर आला. तो तिच्याकडे वळून म्हणाला, नाई तं काय हो बाई, तुमीच सांगा. ती म्हणाली, मी काय सांगू भाऊ. आणि हे अगदी खरं होतं.

फोन वाजला. पडद्यावर मॅडमचं नाव. तिने तो पिशवीत, पपईखाली दाबून धरला, तरी तो पपईसकट थरथरत राहिला आणि मग थांबला. म्हणजे पांढरी गाडी येऊन गेली. म्हणजे मॅडमनी वाचलं. घरून नाही म्हणतात, आणि घर तर चौकात तीन रंगांत अभिनंदन करून राह्यलं. आता मॅडमना काय वाटत असेल याचा विचार करायला ती लागली आणि जीप सुटली, शेलूबाजार मागे पडलं, दोन्ही बाजूंना सोयाबीन हिरवंगार, फुलावर आलेलं, मध्ये तुरीच्या ओळी, पाऊस थांबून चार दिवस झालेले आणि हवेत तो ओला, उबदार, पाल्याचा वास. आणि त्या वासात तिला दुसरी गोष्ट लख्ख दिसली. मॅडमशी ती खोटं बोलली नव्हती. तिला खरोखरच वाटत होतं की घरून नाही म्हणाले. पण घरून कुणी काही म्हणालंच नव्हतं.

जगदेव म्हणाला होता, हं. महिना झाला त्याला. अंगणात बसून तो कोळपणीच्या डवऱ्याची पास, ते लोखंडी पातं, घट्ट करत होता, तोंडात पाचर धरलेली, आणि ती दारातून म्हणाली होती की हैदराबादचं आलं, मायी निवड झाली, वर्षभर तिथंच राहा लागते म्हनतात, होस्टेलात. त्याने पाचर न काढता म्हटलं होतं, हं. या माणसाचे सगळे हं तिला ठाऊक होते, त्यावर तिने मनातल्या मनात एक प्रबंध लिहून ठेवला होता. भाजीत मीठ नसलं की एक हं, बाजारभाव पडला की एक, लेकीला, उज्ज्वलाला, मुलगा पसंत पडला तेव्हा एक लांब, खाली उतरत गेलेला, बाप मेल्यावर एक अगदी छोटा. पाचरीमागचा हा हं तिने नाहीच्या खणात टाकला. कशावरून? तो तसा होता म्हणून. आता जीपमध्ये, गुडघ्यावर पपई, तिने तो हं पुन्हा ऐकून पाहिला, एकदा, दोनदा, आणि प्रत्येक वेळी तो वेगळा ऐकू आला. तो नाहीचा होता असं काही नव्हतं. तो पाचर तोंडात असलेल्या माणसाचा होता. 'नाही' तिने त्यात स्वतःच घातलं होतं, आणि घालून झाल्यावर, हे तिला आत्ता आठवलं, घालून झाल्यावर तिला बरं वाटलं होतं. त्या संध्याकाळी तिने पाट्यावर ठेचा वाटला होता, गुणगुणत. रंगूबाई, तिची सासू, म्हणालीसुद्धा होती, आज लई खुशीत दिसून राह्यली वं.

बरं का वाटलं असेल. तिने कितीदा पाहिलं होतं ते चित्र, मॅडमच्या मोबाइलवरचं, त्या विद्यापीठाची लायब्ररी, उंचच उंच खिडक्या, लांब टेबलं, आणि टेबलाशी कुणीतरी पाय वर घेऊन बसलेलं. त्या पाय वर घेऊन बसण्यानेच तिला वेड लावलं होतं. साधनाने आयुष्यात एकही पान दोन्ही कानांनी वाचलं नव्हतं. एक कान कायम दुधाकडे, किंवा सासूच्या खोकल्याकडे, किंवा फाटकाच्या कडीकडे. मुलगा, पवन, दहावीला असताना त्याच्यासमोर बसून त्याचीच पुस्तकं तिने वाचली, तो पास झाला, नोकरी लागून पुण्याला गेला, आणि तिला ती पुस्तकं सुटेनात. बारावी बाहेरून, मग बी.ए., आणि प्रत्येक वेळी कमी मार्क पडले की गावात आणि मनात एकच उत्तर, एवढ्या कामात एवढे बी लई झाले. तिथे दूध नसणार. खोकला नसणार. वर्षभर दोन्ही कान पुस्तकावर ठेवून, पाय वर घेऊन, ती त्या टेबलाशी बसेल आणि तरीही तिच्या डोक्यात काही शिरलं नाही तर? तिथली पोरं विशी-बाविशीची, इंग्रजीत भांडणारी, आणि त्यांच्यात ही एक काकू, जिचा सगळा हुशारपणा दूध उतू जाण्याच्या तुलनेतला. आजवर प्रत्येक कमी मार्काला दूध जबाबदार होतं. नवऱ्याने नाही म्हणणं म्हणजे ते दूध जन्मभर शेगडीवर राहणं. तिच्या स्वतःच्या हिशेबात ती एक मोठी हुशार बाई राहिली असती जिला जाऊ दिलं नाही. मंगरूळपीरच्या खोलीत पंख्याखाली ती नेमकी त्या बाईच्या थाटात उभी होती, थोडी मान कलती करून. आणि मॅडमच्या डोळ्यात तिच्याविषयी कळवळा आला तेव्हा तो तिने घेतला होता. पदर पसरून घेतला होता.

"मावशी, किन्हीराजा," ड्रायव्हर म्हणाला. ती उतरली. इथे फाट्यावरही दुसरा फ्लेक्स असेल या धास्तीने तिने वर पाहिलंच नाही, पायांकडे बघत चालली. नव्हता. जगदेवने गावात लावला नव्हता, शेलूबाजारला लावला होता, जिथे चार तालुक्यांची माणसं जीप बदलतात.

घरी रंगूबाई ओट्यावर बसून तुरीच्या शेंगांसारखी वाकडी झालेली बोटं एकात एक घालून बकऱ्यांकडे बघत होती. साधनाला पाहून तिने पहिला प्रश्न विचारला तो फ्लेक्सचाच. "पाह्यला का बोर्ड? केवढा हाय?" साधना म्हणाली, मोठा हाय. म्हातारीने समाधानाने मान हलवली. बकऱ्यांच्या कोठ्यावरची ताडपत्री मागच्या वाऱ्यात फाटली होती, आणि बोर्डाचं कापड लई टिकते, उतरवला की मलेच द्या असं तिने पोराला आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणजे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. बकऱ्यांनाही असावं. साधनाने पपई खाली ठेवली आणि विचारलं की आई, हे कवा ठरलं. म्हातारी म्हणाली, ठरवाचं काय हाय त्याच्यात, तू तं जाऊनच राह्यली. भागिरथा येते म्हनली दोनी टाइम भाकरी टाकाले, गल्लीतलीच हाय, एकटी हाय, तिले बी बरं. तिच्या भाकरी पातळ राह्यतात पन होते सवय.

साधनाला हे ऐकून जे झालं त्याचं नाव तिला समाजशास्त्राच्या कुठल्याच प्रकरणात सापडलं नसतं. जावं की न जावं या प्रश्नावर ती महिनाभर रात्रंदिवस झोके घेत होती, आणि तेवढ्या वेळात घराने शांतपणे तिच्या जागी दुसरी बाई बसवून पाहिली होती, ती बसतेय असं दिसल्यावर पुढच्या कामाला लागलं होतं. तिला राग आला. तिच्या भाकरीत आणि भागिरथाच्या भाकरीत काही फरक नाही? ती म्हणाली, "एवढं सगळं करून ठुलं, अन् मले कोनी सांग्तलं बी नाई." आवाज तिला वाटला होता त्याहून बारीक निघाला. रंगूबाईने बकऱ्यांवरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाई, तू मेली असती तं केलंच असतं ना काई. मंग जिवंत हायस तं काहून नाई कराचं?"  चौकात फ्लेक्सखाली तिने स्वतःला जोडलेले हात साधनाला आठवले. मेलेल्या बाईसाठी जे करतात ते जिवंत बाईसाठी करायला या म्हातारीला काहीच जड गेलं नव्हतं, आणि तिची स्वतःची भाकरी म्हणजे काय, हे तिला पहिल्यांदा कळल्यासारखं झालं आणि लगेच निसटलं. पिशवीत पुन्हा फोन वाजून थांबला.

जगदेव दिवस कलताना वावरातून आला. मोटरसायकल लावली, फवारणीचा पंप ओट्याच्या कडेला ठेवला, न्हाणीच्या दगडावर बसला. तिने बादली नेऊन दिली. तो आधी हात धुतो, कोपरापर्यंत, साबण लावून, औषधाचा वास जाईपर्यंत, मग पाय. हे ती इतकी वर्षं पाहत आली होती की पाहत नव्हती. आज पाहिलं. उजव्या हाताचं मधलं बोट मळणीयंत्रात सापडलं होतं तेव्हापासून त्याचं नख चपटं, रुंद, कुदळीच्या पात्यासारखं वाढतं. ते नख साबणाच्या फेसातून वर आलं आणि तिला चौकातल्या त्या बाईच्या खांद्यावरची बोटं दिसली. उज्ज्वलाचं लग्न, दुपार, घामाने निथळणारा फोटोवाला, काका असे लांब नका उभे राहू, हात ठेवा ना काकूंच्या खांद्यावर, लेक चालली तुमची. आणि जगदेवने चार माणसांत, आयुष्यात एकदा, हात ठेवला होता, गरम तव्यावर ठेवावा तसा. तिचा एकटीचा फोटो या घरात नव्हता हे तिला माहीत होतं. पण उज्ज्वलाबरोबरचा होता, पवनबरोबरचा होता, देवळातला होता. त्याने हा लग्नातलाच काढून नेला होता आणि दुकानातल्या पोराला सांगून स्वतःला कापून घेतलं होतं. बोटं राहिली होती. राहिली होती की राहू दिली होती हे तिला विचारायचं होतं, आणि हे ती कधीच विचारणार नव्हती.

तिने विचारलं, "बोर्ड काहून लावला?"

तो पायावर पाणी ओतत राहिला. पाणी दगडावरून नालीत गेलं. तिच्या मनात आलं की आता एक हं येईल आणि मी त्याला पुन्हा कुठल्यातरी खणात टाकीन. पण तो बोलला, तिच्याकडे न पाहता, पायांशी बोलल्यासारखा. "गोष्ट घरात राह्यली असती तं मी एक दिवस नाई म्हनलो असतो," तो म्हणाला. "मले आवडून नाई राह्यलं तुयं जानं. म्हनून चौकात लावला. आता मले नाई म्हनता येत नाई. चार गावचे लोक थुकतीन तोंडावर."

ती भिंतीला हात लावून उभी राहिली, भिंत दिवसभराच्या उन्हाने अजून कोमट होती. फ्लेक्स तिच्यासाठी नव्हताच. तीन रंगांतली अभिनंदनं, बर्फ, घुमट, नसलेलं मित्रमंडळ, हे सगळं या माणसाने स्वतःच्या तोंडात मारलेली पाचर होती. तिला वाटलं इथे थांबावं, एवढं एका दिवसात पुरे. पण तो थांबला नव्हता. त्याने तांब्या बादलीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला.

"अन् तू बी," तो म्हणाला, "तू तं माया नाईची वाटच पाहून राह्यली होती. महिनाभर. चहा देतानी बी तोंडाकडे पाहे मायाच. मले समजते ना, पवनची माय, मी का बैल हाव."

कोठ्यात बकरी शिंकली.  जी गोष्ट आज दुपारपर्यंत साधनाची साधनालाच माहीत नव्हती, ती या न बोलणाऱ्या माणसाने महिनाभर रोज सकाळी चहाच्या बशीत पाहिली होती आणि फुंकर मारून प्यायली होती. हंवर प्रबंध तिनेच लिहिला असं ती समजत होती. समोरही कुणीतरी वाचत बसलंय, दोन्ही कानांनी, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तिला लाज वाटली, आणि लाजेच्या तळाशी अगदी विचित्र, फुटाण्याएवढा, आनंद. मग भीती. कारण आता काहीच उरलं नव्हतं. सासूचा खोकला उरला नव्हता, भाकरी उरली नव्हती, नवऱ्याचं 'नाही' त्याने स्वतःच चौकात टांगून टाकलं होतं. जणू जीपमधली सगळी माणसं उतरून गेलेली आणि ती एकटी पपई घेऊन बसलेली.

आणि तरीही हे बरोबर नव्हतं. असं जाणं. चार गावचे लोक थुंकतील म्हणून एकाने सोडायचं, आणि त्याने चौकात लावलं म्हणून दुसऱ्याने निघायचं, म्हणजे पुन्हा कुणीतरी पाठवलं म्हणूनच गेलेली बाई. दहावीनंतर लग्नाला पाठवली तेव्हा ती अशीच निघाली होती, मागे एक मोठी इमारत लावून.

"उतरवून आना तो उद्या," ती म्हणाली.

त्याने आता मान वर केली. "काहून? जात नाईस का?"

"जातो. म्हनूनच उतरवा."

"उतरवला मंग मी नाई म्हनलो तं?"

"तं म्हना." आता तिचा आवाज बारीक निघाला नाही. "मले तोंडावर म्हना. मी आईकून घेईन, अन् जाईन."

 ओट्यावरून रंगूबाई म्हणाली, फाडू नोका फक्त उतरवतानी, दोऱ्या कापजा, कापड नाई. आणि मग सगळं इतकं शांत झालं की पिशवीतला फोन वाजायच्या आधी थरथरला तो आवाजही तिला ओट्यावरून ऐकू आला. मॅडम. तो घेऊन ती आत गेली नाही, परत न्हाणीपाशी आली, जिथे जगदेव बसला होता, आणि त्याच्यासमोर उभी राहून, मंगरूळपीरच्या खोलीत बोलायची त्या दुसऱ्या मराठीत बोलली. पलीकडून मॅडम बोर्डाबद्दल काहीतरी विचारत होत्या, हसत होत्या की चिडल्या होत्या ते कळत नव्हतं. साधना म्हणाली, "मॅडम, घरून कुणी नाही म्हणालं नव्हतं. ते मीच म्हणाले होते."  मग मॅडमनी काही विचारलं. "हो," साधना म्हणाली. "सोमवारी येते सही करायला. नाही, बोर्डामुळे नाही. बोर्ड उद्या काढतोय आम्ही."

फोन ठेवला तेव्हा तिच्या लक्षात आलं की ती उघड्या पायांनी त्याच्या पायांवरून वाहून आलेल्या पाण्यात उभी आहे. जगदेवने तांब्या भरून दुसऱ्या पायावर ओतला, चपट्या नखाने टाचेतला चिखल खरवडला, आणि म्हणाला, "हं."

ती थांबली. हा तिने कधी ऐकला नव्हता. तिने तो कुठल्याच खणात टाकला नाही, तसाच हातात धरून उभी राहिली, आणि आत चुलीवर ठेवलेलं दूध उतू जाण्याचा आवाज दोघांनीही ऐकला, आणि या वेळी उठला तो जगदेव.